दोर धरणारा

मी मानपाड्याचा. डोंबिवलीजवळचा मानपाडा, ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचा नव्हे. हॉस्टेलला आल्यापासून हा खुलासा शंभरदा करून झालाय!

पोहायला शिकलो आजोळच्या विहिरीत. कमरेला दोर, पाठीला रिकामा डबा आणि दोराचं दुसरं टोक काठावर मामाच्या हातात. मामा स्वतः कधी पाण्यात उतरायचा नाही. आम्ही पोरं त्याला मागून भित्रा म्हणायचो.

अकरावीत आम्ही चौघे एका जुन्या खदानीत पोहायला गेलो. मध्यावर एकाच्या पायात गोळा आला. मी जवळ गेलो, तर त्याने माझा गळाच धरला. दोघेही खाली! वाचवलं कोणी? ज्याला पोहता येत नाही म्हणून आम्ही वाटभर चिडवलं होतं, त्याने. बाइकला बांधलेला नायलॉनचा दोर त्याने काठावरूनच फेकला. ही गोष्ट घरी आजही माहीत नाही.

परवा लायब्ररीत बर्फाखालच्या डायव्हिंगविषयी वाचलं आणि मामा आठवला. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून डायव्हर खाली उतरतो. डोक्यावर बर्फाचं छत, त्यामुळे घाबरलात तर सरळ वर येणं नाही. वाट एकच, ते भोक. म्हणून त्याला दोर बांधतात आणि वर एक जण फक्त तो दोर धरून उभा असतो. किती हिसक्यांचा काय अर्थ, हे आधी जमिनीवर घोटून घेतात. दुसरा डायव्हर पूर्ण तयारीत वर बसलेला असतो, त्याचा दोर जास्त लांब. टाकीतली एक तृतीयांश हवा संपली की मागे फिरायचं. फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतात तो हा! दोर सुटलाच तर वाट शोधत भटकायचं नाही, वर बर्फाला लागून थांबायचं. दुसरा डायव्हर लांब दोराने गोल फिरतो आणि तो दोर आपल्यापर्यंत येतो.

मे 2022 मध्ये डोंबिवलीजवळच्या संदप गावच्या खदानीत एकाच घरातले पाच जण बुडाले. एक पाण्यात पडला, त्याला वाचवायला बाकीचे उतरले. माया कमी नव्हती हो, काठावर दोर नव्हता.

मित्रहो, पावसाळ्यात आपली पिकनिक निघेल तेव्हा मी दोर घेऊन काठावर बसणार आहे. खुशाल भित्रा म्हणा.