एल, ला आणि आपला 'एक राजा'

पाऊस लांबला की पेपरात 'एल निनो' येतोच. त्यातलं 'एल' काय म्हणतं, हे आज सांगावंसं वाटलं.

स्पॅनिशमध्ये 'निन्यो' म्हणजे मुलगा. 'उन निन्यो' म्हणजे कोणी एक मुलगा, आणि 'एल निन्यो' म्हणजे तो, ठाऊक असलेला. पेरूच्या किनाऱ्यावर नाताळच्या सुमारास समुद्राचं पाणी कोमट व्हायचं, म्हणून कोळ्यांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं. कुठला मुलगा, हे सांगावंच लागलं नाही.

गंमत म्हणजे स्पॅनिशची आजी लॅटिन, तिच्यात उपपदं नव्हतीच. 'इल्ले' म्हणजे 'तो', त्याचं झालं 'एल'. 'इल्ला' म्हणजे 'ती', तिचं 'ला'. 'ऊनुस' म्हणजे 'एक', त्याचं 'उन'. आपणही म्हणतोच की, 'एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.' आधी 'एक', मग 'तो'!

बरं, इंग्रजीचे नियम इथे चालतील म्हणावं, तर तेही नाही. 'मला कॉफी आवडते' यात इंग्रजीला उपपद नको, स्पॅनिशला मात्र 'एल काफे' हवं. 'मी शिक्षिका आहे' यात इंग्रजीला 'अ' हवाच. स्पॅनिश बाई नुसतं 'सोय माएस्त्रा' म्हणते, अगदी आपल्यासारखं. शिवाय लिंग सांभाळायचं. 'आग्वा', म्हणजे पाणी, स्त्रीलिंगी. पण सुरुवातीच्या 'आ'वर आघात म्हणून एकवचनात 'एल आग्वा' आणि अनेकवचनात पुन्हा 'लास आग्वास'.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. मराठी माध्यमातली कितीतरी हुशार मुलं मी इंग्रजी बोलताना गप्प होताना पाहिली. 'अ' आणि 'द' चुकला की कोणीतरी हसायचं, आणि मूल पुढचं वाक्यच गिळायचं. शुद्ध बोलावं, हे खरंच. पण उपपद ही त्या त्या भाषेची रीत आहे, अकलेचं माप नव्हे. सीझरचं उपपदांवाचून अडलं नाही, आपल्या तुकोबांचंही नाही.

तेव्हा मंडळी, घरातलं लेकरू 'द' विसरलं तर हसू नका. त्याला जवळ बसवून एका राजाची गोष्ट सांगा, आणि 'एक'चा 'तो' कुठे झाला ते त्यालाच शोधू द्या.