सुपरस्कोअरची बेरीज

लेकीचा सॅटचा, म्हणजे अमेरिकन कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचा, निकाल आला: वाचन-लेखनात ६९०, गणितात ७२०, म्हणजे १६०० पैकी १४१०. अमेरिकेतल्या आमच्या एडिसनच्या देशी आयांमध्ये यावर एकच सल्ला मिळतो, “परत द्यायला लाव.” कशासाठी, हे कोणी सांगत नाही.

कारण लेकीनेच दिलं. “आई, गणित घाईत गेलं, ते सुधारेल. इंग्रजीचं मात्र यापुढे फार काही होणार नाही.” मला हे पटलं. पुन्हा बसली तेव्हा गणितात ७७० आले आणि वाचन-लेखन ६७० वर घसरलं. बेरीज १४४०. एवढ्या मेहनतीला तीसच गुण, म्हणून ती हिरमुसली. पण तिच्या यादीतल्या बऱ्याच कॉलेजांच्या हिशेबी ती १४६० वाली होती! आधीचे ६९० आणि नंतरचे ७७० उचलून बेरीज करायची, हाच सुपरस्कोअर. एमआयटीही प्रत्येक विभागातला सर्वात चांगला आकडाच धरते.

हे नाशिकला भावाला सांगितलं तर त्याला आधी थट्टाच वाटली. “म्हणजे जानेवारीचं फिजिक्स आणि एप्रिलचं गणित जोडायचं? मग आमच्या पोराने काय घोडं मारलंय?” त्याच्या मुलाने जेईई मेन दोन्ही वेळा दिली होती. तिथे दोन्हींतला चांगला एकूण स्कोअर रँकसाठी धरतात. विषय सुटे करून जोडता येत नाहीत. आणि नीटला बसलेल्या भाचीला तर मागच्या वर्षीच्या गुणांचा काडीचा उपयोग नाही, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

अमेरिकन कॉलेजांचा हा उदारपणा निव्वळ माया नव्हे, असं माझं मत. प्रवेश घेतलेल्या मुलांचे आकडे जाहीर करताना कॉलेजही उंच दिसतं. आणि सगळीच कॉलेजं अशी नाहीत. कोणत्या तारखेचे गुण पाठवायचे हे विद्यार्थ्याने ठरवावं, अशी सोय सॅट घेणारं कॉलेज बोर्ड देतं. जॉर्जटाउन मात्र सगळ्या वेळचे गुण मागतं, तिथे लपवाछपवी नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेश ठरवताना सॅट बघतच नाही. म्हणजे त्याच दोन गुणपत्रिका एका ठिकाणी १४६० होतात, दुसऱ्या ठिकाणी दोन्ही उघड्या पडतात, तिसऱ्या ठिकाणी रद्दी.

लेकीला आणखी एकदा बसायचं होतं. मी नको म्हटलं. लवकरच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला संपते आणि तिचे निबंध अजून कच्चे होते. दहा-वीस गुणांसाठी निबंधांचे शनिवार घालवणं मला परवडणारं वाटलं नाही. ती दोन दिवस फुगून बसली, मग लिहायला लागली. शिवाय पुन्हा पुन्हा परीक्षेला बसण्याचा हा खेळ पैसेवाल्यांना सोपा आहे, हेही दिसत होतं. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना परीक्षेची फी माफ होते, खासगी शिकवणीची होत नाही.

तुमच्या घरी हा प्रश्न आला असेल तर फी भरण्याआधी यादीतल्या प्रत्येक कॉलेजचं यंदाचं धोरण त्यांच्याच संकेतस्थळावर वाचा. करोनात सॅटसारख्या परीक्षांची सक्ती उठवलेल्या डार्टमथ, येल, ब्राउन यांनी २०२४ मध्ये ती परत आणायचं जाहीर केलं. शेजारणीच्या थोरल्या मुलाच्या वेळचा नियम तुमच्या मुलीला लागू असेलच असं नाही.