गोफणगुंडा आणि शिखरबिंदू

काही वर्षांपूर्वी विष्णुपुरीच्या विद्यापीठात एका चर्चासत्रात आम्ही शोकात्म नाटकावर निबंध वाचला होता. त्यात एक प्रतिमा योजली होती : गोफणीतून सुटलेला दगड शिखरावर पोचतो, तिथे क्षणभर विसावतो आणि मग त्याची घसरण सुरू होते, नायकाचेही तसेच. श्रोत्यांनी माना डोलावल्या. चहाच्या वेळी पदार्थविज्ञान शिकवणारे एक स्नेही जवळ आले आणि म्हणाले, "सर, निबंध आवडला. पण दगड तिथं थांबत नसतो."

आमच्याच निबंधाच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी हिशेब मांडला. दगड ६० अंशांच्या कोनात, सेकंदाला ३० मीटर वेगाने सुटला असे धरू. या वेगाचे दोन घटक : उभा सुमारे २६ मीटर, आडवा १५. हवेचा अडथळा सोडून दिला तर आडव्याला कोणी हात लावत नाही. उभा मात्र दर सेकंदाला ९.८ मीटरने घटतो आणि साधारण २.६५ सेकंदांनी शून्यावर येतो. तेच शिखर, जमिनीपासून सुमारे ३४ मीटरवर. पण आडवे १५ मीटर शिल्लकच असतात. म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. ऐन शिखरावरही दगड एस.टी.च्या वेगाने पुढे चाललेला असतो.

एवढ्यावर आम्ही हार मानली असती. त्यांनी मात्र आणखी एक रेघ ओढली. गुरुत्वाकर्षण नसते तर दगड ज्या सरळ रेषेत गेला असता ती ही. पहिल्या सेकंदाअखेर दगड या रेषेच्या ४.९ मीटर खाली असतो, दुसऱ्याअखेर १९.६ मीटर. तो वर चढताना दिसत असतो तेव्हाही! पडणे हातातून सुटल्या क्षणापासून चालू असते. शिखरावर नवे काही घडत नाही.

गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात, चौथ्या दिवसाच्या संवादात, या मार्गाची आकृती अन्वस्त असल्याचे सिद्ध केले. (तिघांचा संवाद हा नाट्यरूप घाट त्याला विज्ञानासाठीही सोयीचा वाटला, याकडे आम्हा साहित्यवाल्यांचे सहसा लक्ष जात नाही.) फ्रायटागने १८६३ मध्ये नाटकासाठी काढलेला त्रिकोण मात्र टोकदार आहे, चढ वेगळा, उतार वेगळा. आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर तोच काढत आलो.

त्या संध्याकाळी आम्हांला आजोबा आठवले. शाळू हुरड्यात आला की मचाणावर उभे राहून ते पाखरे राखीत. गोफणीचे एक टोक बोटात अडकवलेले, दुसरे चिमटीत. दोन गरके आणि चिमूट सैल. गुंडा पार बांधापलीकडच्या बाभळीपाशी पडे. उंचावरून मारताना ४५ अंशांपेक्षा किंचित कमी कोन लागतो आणि हवेमुळे आणखी कमी, हे त्यांच्या मनगटाला ठाऊक असावे. ज्या वर्षी त्यांची फेक सर्वांत लांब गेली असे आम्ही घरात सांगत असू, त्याच वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे धुके येऊ लागले होते. ते त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. गुंडा सुटला की ते आमच्याकडे वळून विचारीत, "कुठं पडला रं?" आणि आम्हांला वाटे, आजोबा आमची परीक्षा घेताहेत.