लॅम्बचा खांदा, कोल्हापुरी वाटण आणि आठ तास

स्लो कुकरमध्ये मटण शिजवलंय कधी? मला हा शोध नुकताच लागलाय आणि कुणाला सांगू, कुणाला नको असं झालंय!

इथे इंग्लंडात बोकडाचं मटण शोधत हिंडावं लागतं, लॅम्ब मात्र कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं. त्यातला खांदा घ्यायचा, हाडासकट. मांडी नको, इतक्या वेळात ती कोरडी पडते. खांद्यात चरबी भरपूर, कोलॅजन भरपूर, आणि सगळी करामत त्या कोलॅजनचीच! उकळीच्या जरा खालच्या आचेवर तासन्‌तास राहिलं की त्याचं जिलेटिन होतं आणि रस्सा बोटांना चिकटायला लागतो, थेट पायाच्या सूपसारखा.

वाटण आपलं कोल्हापुरी: कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस, आलं, लसूण. कांदा-खोबरं आधी कढईत खरपूस भाजायचंच. झाकणाखालच्या वाफेत कांदा तांबूस होत नाही, त्यामुळे हे काम कुकर तुमच्यासाठी करणार नाही. वाटण तेल सुटेपर्यंत परतलं, कांदा-लसूण मसाला घातला, त्यात किलोभर मटण, हळद, मीठ. पाणी जेमतेम वाटीभर! वाफ फारशी बाहेर जात नाही आणि मटणालाही पाणी सुटतं. मग ‘लो’वर आठ तास. मध्ये झाकण उघडायचं नाही, आतली ऊब निघून जाते.

आणि मग झाकण काढल्यावर वर आलेली ती लालभडक तर्री! हाड चिमटीत धरून ओढलं की अलगद, स्वच्छ बाहेर. तुकडा चमच्याने तुटतो, तरी त्याचा लगदा होत नाही. मसाला पार हाडापर्यंत मुरलेला.

शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना या भांड्याचं पेटंट मिळालं 1940 साली. त्यांची आई लिथुआनियातल्या गावाची गोष्ट सांगायची: ज्यू घरांतलं चोलंट हे मांस-कडधान्याचं कालवण बेकरीच्या निवत्या भट्टीत रात्रभर ठेवायचे. म्हणजे हे भांडं सुचलंच मुळी रात्रभर मुरणाऱ्या कालवणावरून! आपल्या रश्शाला ते इतकं मानवावं यात मग नवल कसलं?

येत्या शनिवारी सकाळी लावाच. संध्याकाळी भाकऱ्या मात्र नेहमीपेक्षा जास्त थापा, रस्सा उरणार नाही.