दरवाजाच्या आतली बाजू

अब्बांच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीला नवी पॅनेलं बसवायची होती. परळला चाळीखाली आम्ही दोघा भावांनी काचेचं हँडल काढलं, फुगलेला हार्डबोर्ड उतरवला, नव्यावर रेक्झिन चिकटवलं, क्लिपा दाबल्या. अब्बांनी सगळं पुन्हा उतरवायला लावलं.

"आतला प्लॅस्टिकचा कागद कुठाय? काचेच्या फटीतून पाणी उतरतं."

आम्ही वैतागलो. "दिसतं कुणाला?"

"गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून तर लावायचा."

ऑक्टोबर २०२३ मध्ये २० वर्षांच्या मर्यादेमुळे मुंबईतल्या उरल्यासुरल्या पद्मिनी टॅक्सी थांबल्या. आमचीही थांबली. भंगारवाल्याने पॅनेल उपटलं, तेव्हा हार्डबोर्ड कोरडाच होता. ते पाहायला अब्बा नव्हते. आम्ही मात्र पाहिलं.