कोयरी

आईची चांदीची कोयरी आता माझ्या कपाटात असते. आंब्याच्या आकाराची, आत दोन कप्पे, झाकणावर मोर. मोराची मान एका बाजूने पार गुळगुळीत झाली आहे, कारण झाकण उघडताना अंगठा नेमका तिथे टेकतो. आधी आजीचा अंगठा, मग आईचा. आजोबा गेले तेव्हा आई घरात नुकती सून म्हणून आलेली. तेराव्याच्या आतच कोयरी सासूच्या हातून सुनेच्या हातात गेली. कुणी काही बोललं नाही म्हणे. बोलण्यासारखं कुणाला त्यात काही वाटलंच नसेल.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे मोठं व्हायचं. चार दिवस आधीपासून आजी तीळ भाजायची, गुळाचा पाक बघायची. पाण्यात सोडलेला थेंब वाटीत टण्णकन वाजला की पाक झाला, हे मी तिच्याकडूनच शिकले. वड्या तिच्या, चिवडा तिचा, अत्तरदाणी घासलेली तिनेच. पण बायका यायला लागल्या की ती माजघराचं दार लोटून घ्यायची. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा कोयरी घेऊन आत गेले आणि कुंकवाचं बोट तिच्या कपाळाकडे नेलं. तिने माझं मनगट धरलं. रागावली नाही. माझं बोट आपल्या पदराला पुसलं आणि म्हणाली, "जा, बाहेर बायका खोळंबल्यात."

याच आजीच्या कपाळावर रोज सकाळी बुक्का असायचा. ती माळकरी. कीर्तनात बुक्का लावणारा माणूस ओळीने येई आणि पुढच्या प्रत्येक कपाळाला बोट टेकवी. नवरा आहे का, असं कुणी विचारत नसे. एकाच बाईचं कपाळ एका बोटाला चालत होतं, दुसऱ्याला नाही. दोन्हीकडे देवाचंच नाव होतं.

बुक्क्याचं हे मोकळेपण आपोआप आलं, असं मात्र मला वाटत नाही. जातीमुळे देवळाबाहेर राहावं लागलेल्या संत चोखोबांची समाधी आजही पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. त्यांची बायको सोयराबाई. विटाळाशिवाय जन्मलेला देह कुठे आहे, असा सवाल तिने अभंगात केला. तो विचारून शेकडो वर्षं झाली, तरी पंढरीचं दार तिच्या लोकांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. देवळाच्या उंबऱ्यावर कोण थांबणार, हे भक्तीने एकटीने कधी ठरवलेलं नाही. ते सत्तेने ठरवलं आणि लढूनच बदललं.

१९८०मध्ये मथुरा बलात्कार प्रकरणाच्या निकालाविरुद्ध ठिकठिकाणी मोर्चे निघाले. त्यातल्या एका मोर्चात मी होते. कुंकू त्याच्या आधीच सोडलं होतं. आमच्या गटात देवाविषयी बोलणं मागासलेपणाचं समजलं जाई, मलाही तसंच वाटे. आज मला ती आमची चूक वाटते. हुंड्यावर, मारहाणीवर, बलात्काराच्या कायद्यावर आम्ही बोललो आणि ते बोलायलाच हवं होतं. पण आजीचं लोटलेलं दार आमच्या कुठल्याच पत्रकात आलं नाही. बायकांच्या श्रद्धेचं ते अख्खं अंगण आम्ही रिकामं सोडलं. तिथे मग राजकीय पक्षांनी मांडव घातले. निवडणूक जवळ आली की गल्लीत हळदीकुंकवाचं आमंत्रण येतं, वाण म्हणून स्टीलचा डबा मिळतो. अशाच एका पत्रिकेवर ठळक अक्षरांत होतं, 'सर्व सुवासिनींनी अगत्य यावे.' मतदार यादीत आईचं नाव होतं. पत्रिकेवर तिला जागा नव्हती.

वडील गेले ती दुपार मी विसरू शकत नाही. शेजारच्या बायकांनी आईला मधे बसवलं. एकीने ओल्या फडक्याने कपाळ पुसलं, दुसरीने बांगड्यांना हात घातला. हिरव्या काचेचा एक तुकडा तिच्या मनगटात रुतला. मोर्चात घोषणा देणारी मी दारात उभी होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. संध्याकाळी मी तिच्या मनगटाला हळद लावली. जखमेवर हळद चालत होती.

४ मे २०२२ रोजी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं यापुढे गावात बंद. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष आणि त्यांचाच कोल्हापूर जिल्हा. पंधरवड्याच्या आत राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मी ती बातमी आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "सासूबाई असायला हव्या होत्या."

पुढच्या संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं, आयुष्यात पहिल्यांदा. गल्लीतल्या सगळ्याजणींना बोलावलं. नवरा असलेल्या, नसलेल्या, सोडलेल्या, लग्न न केलेल्या. आईला पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि कोयरी उघडून तिच्यापुढे वाकले. तिने माझं मनगट धरलं, अगदी आजीने धरलं होतं तसंच. माझ्या पोटात खड्डा पडला.

"मला नको," ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी आता कपाळाला सवय नाही. पण लावायला मला दे."

मी कोयरी तिच्या हातात दिली. मोराच्या मानेवर तिचा अंगठा बरोबर टेकला. समोर पलीकडच्या घरातली नवी सून उभी होती, लग्नाला चार महिनेसुद्धा झाले नव्हते. तिने एकदा आपल्या सासूकडे पाहिलं. सासू तिळाच्या वडीकडे बघत राहिली. मग पोरीने पदर सावरला आणि आईपुढे मान खाली केली. आईचं बोट थरथरत होतं, कुंकू थोडं नाकावर सांडलं.