मोर्णेकाठचे गुदाम

अकोल्याला आलेला पाहुणा बहुधा स्टेशनाकडच्या बाजारातच घोटाळतो आणि परत फिरतो. पण जुने शहर आहे ते मोर्णेच्या पश्चिम काठावर. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा असदगड, दहीहंडा वेस, अगर वेस असे पाहत मी तिथल्या गल्ल्यांतून हिंडलो.

एका धान्याच्या दुकानाशी थांबलो, तेव्हा म्हातारबुवा नातवाला म्हणाले, “जाय, गुदामाची किल्ली आन!”

“आबा, गुदाम नाही, गोडाऊन म्हणा,” नातू हसून म्हणाला. “गो म्हणजे जा, डाऊन म्हणजे खाली. माल खाली जाते म्हणून गोडाऊन!”

आबा चारचौघांत ओशाळले. मला मात्र राहवेना.

वाचकहो, गंमत अशी की हा इंग्रजी जोडशब्द मुळी जोडशब्दच नव्हे! ‘गो’ आणि ‘डाऊन’ यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. मूळ शब्द आपल्या दक्षिणेचा: तेलुगूत गिडंगी, तमिळमध्ये किडंगु, म्हणजे कोठार. तिथून तो व्यापाऱ्यांबरोबर समुद्रापार मलायात गेला आणि ‘गुदांग’ झाला. पोर्तुगीजांनी तो उचलला. पुढे इंग्रजांच्या कानाला त्यात आपलेच दोन ओळखीचे शब्द ऐकू आले आणि स्पेलिंगही तसेच पडले. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ही वंशावळ सापडते.

1867 साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, वऱ्हाडचा कापूस गाडीने मुंबईला जाऊ लागला आणि गुदामांना बरकत आली. वऱ्हाडच्या एका कोपऱ्यात पैनगंगा ओलांडली की तेलंगणच. पायी येता आले असते, त्या शब्दाने मलायापर्यंतचा केवढा वळसा घेतला!

हे ऐकून आबा खुलले. “म्हंजे मायाच शब्द बरोबर?”

“दोन्ही बरोबर, आबाजी. पण तुमचा मुळाच्या अधिक जवळचा.”

नातू काही बोलला नाही. किल्ली आणायला निघाला, तेव्हा आबांनी मुद्दाम हाक मारून बजावले, “गुदामाची आनजो बरं!”

साहेबाच्या तोंडून आला म्हणून आपण कित्येक शब्दांपुढे मान लववतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची जीभ सुधारायला निघतो. त्याआधी शब्दाचे माहेर विचारून घ्यावे. ते कदाचित नदीपलीकडेच निघेल.